पारोशा तोंडाचं प्रवचन

शुद्धी, सोवळं असं काही वाचाले घेतलं का तुमच्या डोक्यात एक चित्र तयारच अस्ते. एक म्हातारी, ओलं लुगडं, सैपाकघराच्या दारात उभी, अन् कोणी शिवलं का आभाळ डोक्यावर घेते. ते चित्र आत्ताच पुसून टाका. आमच्या घरी अशी म्हातारी नाई. जो आहे तो एक रिटायर बस ड्रायव्हर आहे, सहा फूट, मिशीवाला, अन् त्याच्यापुढं तुमची म्हातारी सुट्टीचा अर्ज देईन. दुसरं म्हणजे, शेवटी मी सुधरलो, पहाटे उठून गंगेत न्हालो, असं काही इथं होत नाई. शेवटी मले बोलणी बसतेत. आधीच सांगून ठेवतो, मंग म्हणू नका का फसवलं.

ड्रायव्हर म्हणजे माहे मोठे बाबा, बाबांचे मोठे भाऊ. पिपरी मेघेत आमची दोन घरं एकाले एक लागून आहेत. मधात भिंत, भिंतीत दार, अन् ते दार कधी लागत नाई. तिकडं मोठे बाबा अन् मोठी आई, इकडं आई, बाबा अन् मी. मी म्हणजे शिक्षणानं बी.कॉम. अन् धंद्यानं आवाज. गणपतीत, गॅदरिंगात मिमिक्री करतो. बाकी वर्षभर भोंग्याच्या जाहिराती रेकॉर्ड करून देतो. चादरीचा सेल, आलू-कांद्याचा ऑटो, अन् आमच्या भागातली कचऱ्याची घंटागाडी, सगळे माह्याच आवाजात ओरडतेत. रोज सकाळी साडेसातले माहा आवाज गल्लीतून फिरते, का आपलं घर साफ ठेवा हो, आपलं अंगण साफ ठेवा हो. अन् त्या वक्ती मी सोता ब्लँकेटात अस्तो. मोठे बाबा कचऱ्याची बादली घेऊन गेटवर उभे राहत अन् भिंतीपलीकडं बरोबर आयकू येईन एवढ्या आवाजात मोठ्या आईले म्हणत, "आवाज आंघोळ करून कामावर निंगाला. मालक अजून पारोसा."

पारोसा म्हणजे बिन आंघोळीचा. बाकीच्या ड्रायव्हर लोकांले शिव्यांचं मोठं भांडार अस्ते म्हणतेत. आमच्या ड्रायव्हरजवळ एवढी एकच.

नोकरीत त्याईची अर्धी जिंदगी मुक्कामी गाडीवर गेली. म्हणजे संध्याकाळची शेवटची बस एखाद्या गावात जाऊन थांबे, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपत, अन् पहाटे तीच बस पहिली म्हणून निंगे. गाव आर्वीकडचं असो का समुद्रपूरकडचं, चार वाजता मोठे बाबा हापशीवर. मे महिना असो का डिसेंबर. आधी आपली आंघोळ, मंग गाडीची समोरची काच ओल्या फडक्यानं, मंग स्टेअरिंग पुसणं, एक अगरबत्ती, अन् मंग चावी. पारोशा हातानं कधी स्टेअरिंग धरलं नाई, हे ते असं सांगत जसं दुसरा कोणी पदक दाखवते.

आता तुम्ही म्हणान, एवढं कडक सोवळं आहे तं शिवाशिवही असन. इथंही तुमचं चुकलं. त्याईचा कंडक्टर बौद्ध वस्तीतला होता, अन् दोघं बारा वर्षं एका गडव्यानं पाणी पेले, एका डब्यातून जेवले. डबा उघडायच्या आधी मोठे बाबा रोज विचारत का हात धुतले का. तो म्हणे, तुमच्या आधी धुतले, अन् साबण तुमचाच होता. मोठ्या बाबांचं म्हणणं असं का मळ ज्याचा त्याचा अस्ते अन् तो ज्याचा त्यानंच धुवाचा. दुसऱ्याच्या अंगावर मळ हुडकणारा माणूस आपली मान कधी घासत नाई.

मी त्याईच्या पहाटेची नक्कल करतो. गुळणीचा आवाज, पहिला गडवा डोक्यावर पडला का निंघणारं ते "हर हर", मंग थंडीनं तुटक झालेला श्लोक. स्टेजवर याच्यावर लोक खुर्च्यांवरून पडतेत. एकदा त्याईनं सोता पाह्यलं. पूर्ण पाह्यलं, हसले नाई, अन् घरी येऊन म्हणाले, "नक्कल कराले अक्कल लागते म्हणतेत. तुह्याजवळ नक्कल आहे, अक्कल कुठून आणू?"

मागच्या हिवाळ्यात हाच ड्रायव्हर पडला. अंगणात कपडे धुवाची फरशी आहे, तिच्यावर शेवाळ धरलं होतं. पहाटे अंधारात ते ब्रशनं घासत बसले. घासता घासता फरशी एवढी साफ झाली का उठताना पाय टिकलाच नाई. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला, पाच दिवसांनी घरी आणलं. दवाखान्यात त्याईनं दूध-केळ्यावर दिवस काढले. आम्हाले वाटलं, दवाखान्याचं जेवण आवडत नसन. डॉक्टरनं सुट्टी देताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, टाके निंघेपर्यंत आंघोळ नाई, ओल्या कपड्यानं अंग पुसून घ्या. दुसरी, पोटभर जेवा अन् वॉकर धरून रोज उभं राहा.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी दोन्ही गोष्टींची टक्कर झाली.

मोठ्या आईनं कोमट पाण्यानं त्याईचं अंग पुसलं, धुतलेला सदरा घातला, अन् पलंगाजवळ ताट आणलं. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, वरून चिरलेला हिरवा सांभार. मोठ्या बाबांनं ताट पाह्यलं अन् तोंड भिंतीकडं केलं. आंघोळ झाली नाई, म्हणाले. मोठी आई म्हणाली, आत्ताच तं पुसलं ना मी. तवा ते म्हणाले, "पुसतेत टेबलाले. माणूस आंघोळ करते."

एवढंच. रागावले नाई, ओरडले नाई. फक्त जेवले नाई. गोळ्या घ्याच्या म्हणून अर्धा गिलास दूध पेत, कारण दूध उपवासाले चालते. दुसरा दिवस तसाच, तिसरा दिवस तसाच. मोठी आई आयुष्यात कधी त्याईच्या आधी जेवली नाई, म्हणजे घरात उपाशी दोघं झाले. बाबांनं समजावलं. आईनं तिकडची भाजी चांगली नाई वाटत असन म्हणून इकडची नेली. मी माह्या पद्धतीनं गेलो. म्हटलं, मोठे बाबा, टाकीत पेट्रोल नाई टाकलं तं गाडी चालन कशी. डोळे न उघडता त्याईनं दुरुस्ती केली, "डिझेल." अन् पुन्हा तोंड भिंतीकडं.

चौथ्या दिवशी व्यायाम शिकवाले येणाऱ्या मॅडमनं त्याईले वॉकर धरून उभं केलं. मी मांगून धरून होतो. पाठीवरून हात गेला तं मले बरगड्या मोजता आल्या. त्याईचे दोन्ही पाय असे थरथरले जशी थंडीत जुनी बस सुरू होते, अन् दोन सेकंदांत ते खाली बसले. मॅडम आम्हाले गेटवर घेऊन गेल्या. म्हणाल्या, हाड नीट बसलंय, पण पोटात अन्नच नाही तर पायात जोर कुठून येणार. या पंधरा दिवसांत जे उभे राहतात ते चालतात. जे राहत नाहीत, त्यांचा पलंग मग सुटत नाही.

मॅडम गेल्यावर मोठी आई मले भिंतीतल्या दारात भेटली. हातात तेच ताट, झाकलेलं. म्हणाली, "बाबू, ते जगात एका माणसाचं आयकतेत. त्याले फोन लाव."

तो माणूस म्हणजे आमच्या कॉलनीतल्या मंदिराचे महाराज. प्रवचन करतेत, अन् चांगलं करतेत. मोठे बाबा रिटायर झाल्यापासून त्याईच्या पुढं रोज संध्याकाळी साडेसहाले जाऊन बसत. महाराजाची नक्कल तं माही हातची आहे. प्रत्येक वाक्याच्या आधी नाकातून एक लांब "हंऽऽ", अन् प्रत्येक वाक्याच्या शेवटी "लक्षात येतंय ना". मी फोन लावला. बंद. महाराज यवतमाळकडं भागवत सप्ताहाले गेलते, अन् सप्ताहात ते फोन बंद करून ठेवतेत, हे मंदिरातून समजलं. वापस यायले अजून आठवडा होता.

आठवडा आमच्याजवळ नव्हता. अन् महाराजाचा आवाज तं माह्याजवळ होता.

आता हे वाचून तुम्ही म्हणान, पोट्ट्याले मस्ती सुचली. खरं सांगतो, स्टेजवर दोन हजार लोकांपुढं मले जेवढी भीती वाटली नाई तेवढी त्या दिवशी वाटली. नुसता आवाज घेऊन काय करता. आवाजात टाकाले माल पाहजे. दुपारी मोठ्या बाबांच्या देवघराच्या फळीवरून रोजच्या नित्यकर्माचं एक जुनं पुस्तक काढलं, पानं पिवळी, कोपऱ्यात हळदीचे बोटं. अन् त्याच्यात मले सापडलं का आंघोळ फक्त पाण्याचीच नसते. भस्माची अस्ते, मंत्राची अस्ते. संध्याकाळी गाई परततेत तवा त्याईच्या खुरांची धूळ अंगावर उडते, ती पण आंघोळ. ऊन असताना पाऊस आला अन् भिजले, ती पण आंघोळ. मनानं केलेली पण अस्ते. अन् जो आजारी आहे त्यानं ओल्या कपड्यानं अंग पुसाचं, धुतलेलं नेसाचं, देवाचं नाव घ्याचं, झाली आंघोळ. मी ते पान तीनदा वाचलं. ज्या माणसाच्या घरात हे पुस्तक चाळीस वर्षांपासून आहे तो माणूस बाजूच्या खोलीत उपाशी पडला होता. धडधाकट होता तवा त्याले या पानाचं काम पडलं नसन.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचले मी फोन केला. हीच वेळ काऊन, तं मोठे बाबा त्या वक्ती जागे अस्तेत हे माहीत होतं, अन् साधू माणसं पहाटेच फोन करत असतीन असा माहा अंदाज. दुसरं सिमकार्ड टाकलं. ब्लँकेट डोक्यावरून घेतलं, म्हणजे आवाज भिंतीपलीकडं जाऊ नये. तोंड तसंच, रात्रीचं.

"हंऽऽ, ड्रायव्हरसाहेब. यजमानांच्या फोनवरून बोलतोय. पडलात म्हणे. अन् जेवत नाही म्हणे."

तिकडं पलंग करकरला. मले वाटलं, वळखलं. मंग मोठे बाबा बोलले, अन् तो आवाज मी कधी आयकला नव्हता. माह्याशी ते कधी असे बोललेच नाईत.

"महाराज, पारोसा कसा बसू ताटावर?"

मी पाठ केलेलं सांगाले सुरुवात केली. भस्म, मंत्र, गाईची धूळ. ते हो महाराज, हो महाराज करत आयकत होते, पण मी स्टेजवर लोकांपुढं उभा राहतो, मले कळते कवा माणूस आयकते अन् कवा नुसती मान हालवते. मी थांबलो. अन् मंग काय सुचलं माहीत नाई, पुस्तक सोडून विचारलं, का ड्रायव्हरसाहेब, घरच्यांनी अंग पुसलं, तुम्हाला ते का नाही चाललं?

 मंग म्हणाले, "महाराज, लहानपणापासून माही आंघोळ मी केली. नोकरीत, पावसात, तापात. एक तेवढंच काम पूर्ण माह्या हातचं होतं. आता बायको मले भांड्यासारखं पुसते, अन् मी ताटावर बसतो. लाज वाटते."

 मले इतके दिवस वाटत होतं का मोठे बाबा पाण्यासाठी अडून बसले. पाण्याचा विषयच नव्हता. मळ ज्याचा त्यानं धुवाचा, हे मी हजारदा आयकलं होतं अन् हजारदा त्याची नक्कल केलती, पण त्याचा असाही अर्थ होते हे डोक्यात आलं नव्हतं.

"हंऽऽ," मी म्हटलं, कारण वेळ पाहजे होता. "मग दुसऱ्यानं पुसू नये. तुमचे हात मोडले नाहीत. पाणी मागवा, कपडा स्वतः बुडवा, स्वतः पिळा. तोंड, मान, छाती, हात, पोट. प्रत्येक ठिकाणी एकदा नाव घ्या. जिथं हात पोचत नाही तिथंच फक्त दुसऱ्याला द्या. ही आजारी माणसाची आंघोळ आहे, अन् ती पूर्ण आहे. अर्धी नाही. त्यानंतर जो जेवत नाही तो अन्नाचा अपमान करतो. लक्षात येतंय ना?"

"येते महाराज," मोठे बाबा म्हणाले.

फोन ठेवला अन् मी भिंतीतल्या दारातून डोकावलो. मोठी आई लगबगीनं पितळी गंगाळ घेऊन आली, कोमट पाण्यानं भरलेलं. मोठ्या बाबांनं उशीले टेकून बसतं केलं सोताले. पंचा बुडवला, दोन्ही हातांनं पिळला. असा पिळला का शेवटचा थेंबही आयकू आला. अन् मंग पुसाले घेतलं. मी लहान होतो तवा त्याईले बसची काच पुसताना पाह्यलं होतं, वरून खाली, मंग कोपरे, मंग पुन्हा एकदा पूर्ण. तसंच. ओठ हालत होते. पाठ राहली. तवा त्याईनं पंचा मोठ्या आईपुढं धरला अन् म्हणाले, एवढी पाठ कर. मोठ्या आईनं केली. 

मंग ताट आलं. वरण-भात, पूर्ण वाटी. मोठी आई सैपाकघरात गेली, अन् तिकडून तिच्या ताटाचा आवाज आला.

माही कामगिरी इथंच संपाले पाहजे होती. पण मोठ्या बाबांनं फोन ठेवाच्या आधी महाराजाले विनंती केलती का उद्या पुन्हा लावा. आता लावणं आलंच. रोज पहाटे साडेपाचले ब्लँकेटात माहं प्रवचन सुरू झालं, अन् दुपारी अभ्यास. परीक्षेले जेवढं वाचलं नाई तेवढं पिवळं पुस्तक वाचलं. कारण मोठे बाबा प्रश्न विचारत. एक दिवस म्हणाले, बाहेरची साफसफाई समजली महाराज, आतली कशी कराची. पुस्तकात होतं का आतली शुद्धी म्हणजे कपट सोडणं, खरं बोलणं. हे मी दुसऱ्याच्या आवाजात, दुसऱ्या सिमवरून, यजमानाच्या घरून बोलतो म्हणून सांगत होतो. मले असा काही ठसका लागला का मोठे बाबा म्हणाले, महाराज, तब्येत सांभाळा.

अन् एक दिवस तं माहीच केस निंघाली. मोठे बाबा म्हणाले, घरात एक पोट्टा आहे, पुतण्या. वाईट नाई. पण सूर्य डोक्यावर येईपर्यंत अंगाले पाणी लागत नाई. त्याचं काय करावं? मी महाराजाच्या आवाजात, जेवढा नरम होता येईन तेवढा नरम होऊन सांगितलं का तरुण मुलं आहेत, त्यांना हळूहळू, प्रेमानं सांगावं.

"प्रेमानं नाई होत महाराज," ते म्हणाले. "गडव्यानं होते."

पण फरक पडत होता. दुसऱ्या दिवशी ते वॉकर धरून दहापर्यंत मोजे तोवर उभे राह्यले. तिसऱ्या दिवशी पाऊल टाकलं. व्यायामवाल्या मॅडमनं विचारलं का औषध बदललं का. मोठी आई म्हणाली, महाराज फोन करतेत. मॅडम म्हणाल्या, मग करू द्या. सातव्या दिवशी मोठे बाबा पलंगापासून दारापर्यंत आठ पावलं गेले अन् आठ वापस आले, अन् गेटबाहेर जाणाऱ्या घंटागाडीले हात केला.

आठव्या दिवशी महाराज आले. खरे.

सकाळी नऊ वाजता, हातात प्रसादाची पुडी. सप्ताह संपला, गावात आले, आयकलं, तसेच इकडं आले. मोठे बाबा आंघोळ करून, म्हणजे त्याईच्या त्या आंघोळीनं, ताटावर बसले होते. मी चहाचा ट्रे घेऊन आलतो. मोठ्या बाबांनं बसल्या जागी हात जोडले अन् म्हणाले, महाराज, तुमच्या फोननं मी उभा राह्यलो.

"कोणता फोन?" महाराज म्हणाले.

 मोठ्या बाबांनं सांगितलं, का रोजचा, पहाटे साडेपाचचा. महाराज खुर्चीवर बसले. म्हणाले, ड्रायव्हरसाहेब, पहाटे साडेपाचला मी कुणाशीच बोलत नाही. उठलो का हातात खराटा, अन् मंदिराचं अंगण, समोरचा रस्ता झाडून होईपर्यंत मौन. सप्ताहात जिथं उतरतो तिथलंही अंगण झाडतो. वर्षानुवर्षं तसंच आहे.

हे कॉलनीतल्या पहाटे उठणाऱ्या प्रत्येक माणसाले माहीत होतं, म्हणून पुढं समजलं. दूधवाल्याले, पेपरवाल्याले, सडा टाकणाऱ्या बायांले. मोठ्या बाबांले माहीत नव्हतं कारण त्या वक्ती ते सोता आंघोळीत अन् पूजेत असत. अन् मले माहीत नव्हतं कारण मी साडेपाच कधी पाह्यलेच नव्हते. महाराजाच्या नाकातला आवाज मी वळखला होता, बोलणं वळखलं होतं. ते कवा गप अस्तेत हे पाहाले मी कधी उठलोच नाई.

महाराजानं विचारलं, फोनवर काय सांगितलं? मोठ्या बाबांनं सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं नाई. महाराज डोळे मिटून आयकत होते. मंग म्हणाले, "सांगितलं ते बरोबर आहे. मीही हेच सांगितलं असतं. आवाज कसा होता?"

"तुमचाच. थोडा नाकातून जास्त."

महाराजानं डोळे उघडले अन् सरळ माह्याकडं पाह्यलं. "माझं नाक एवढं वाजतं का रे?"

मी ट्रे खाली ठेवला. मोठ्या बाबांचा हात ताटावरून उठला होता. पहिला घास बोटांत होता, तो त्याईनं वापस भातावर ठेवला. मोठी आई दारात, हातात भाजीची वाटी, अन् ती त्या हाताकडंच पाहत होती. आठ दिवसांची सगळी मेहनत त्या एका घासावर येऊन थांबली होती. आता मी काही चेष्टा केली असती, एखादा आवाज काढला असता, तं कदाचित सगळे हसले असते अन् वेळ निंघून गेली असती. पण माहा सोताचाच आवाज निंघाला.

"मोठे बाबा, मी होतो," मी म्हटलं. "तुम्ही जेवत नव्हते म्हणून."

त्याईनं मले वरून खालपर्यंत पाह्यलं, मंग कोपरे, मंग पुन्हा एकदा पूर्ण.

"फोन करताना आंघोळ झालेली होती?"

खोटं बोलता आलं असतं. "नाई," म्हटलं.

"तोंड?"

"नाई."

"कुठं होता?"

"ब्लँकेटात."

मोठे बाबा महाराजाकडं वळले. विचारलं का पारोशा तोंडानं सांगितलेलं चालते का, माह्या आठ दिवसांच्या आंघोळी धरल्या जातेत का. महाराज म्हणाले, पाणी स्वच्छ होतं का? होतं. कपडा तुम्ही पिळला का? मीच पिळला. नाव तुम्ही घेतलं का? मीच घेतलं. मग आंघोळ तुमची आहे, ड्रायव्हरसाहेब. सांगणाऱ्याची जी राहिली ती त्याच्याकडं बाकी.

मोठ्या बाबांनं भाताकडं पाह्यलं. मंग घास उचलला अन् तोंडात टाकला. दारातून मोठी आई आत आली.

आता एक गोष्ट आहे. मोठे बाबा तोंडात घास असताना बोलत नाईत. म्हणून ती बोलणी भल्ली लांबली. एक घास, चावणं, गिळणं, पाण्याचा घोट, अन् मंग एक वाक्य. मी समोर उभा, चहा थंड होऊन राह्यला.

"महाराजाच्या तोंडानं बोलला. अन् महाराज अंगण झाडल्याबिगर तोंड उघडत नाईत, एवढं पाह्यलं नाई."

घास.

"मी इकडं फोनपुढं हात जोडून बसलो होतो. अन् तू तिकडं लोळत होता."

घास. मोठी आई भाजी वाढाच्या निमित्तानं माह्याकडं पाठ करून उभी होती, अन् तिचे खांदे हालत होते. महाराज पुडी सोडाच्या कामाले लागले होते.

"मले सांगे कपट सोडा. सोता दुसऱ्या सिमवरून."

घास, मंग अजून एक, कारण वरण संपत आलं होतं. मोठ्या आईनं न विचारता वाढलं अन् त्याईनं नको म्हटलं नाई.

"उद्यापासून फोन नाई पाहजे मले. साडेपाचले दारानं येजो. आंघोळ करून, अन् गिझर न लावता. तुही मोठी आई वाकते तं तिची कंबर दुखते. माही पाठ तू पुसजो."

घास.

"अन् तोंडानं काही बोलू नको. नाव मी घेईन. तुह्या तोंडाले अजून टाइम आहे."